आधी उजेड, मग रंग: गावाकडच्या फोटोंची दुरुस्ती शिकताना

विदर्भातल्या गावात काढलेला फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा उन्हाने. नोव्हेंबरातल्या भर दुपारी वावरात कापूस वेचणाऱ्या बाईचा फोटो काढा. मागची फुटलेली बोंडं पांढरी फटक येतात आणि पदराखालचा चेहरा काळाकुट्ट. नवीन शिकणारा असा फोटो उघडतो आणि पहिला हात घालतो तो रंगाच्या पट्टीला. पऱ्हाटी पोपटी होते, आभाळ निळंशार होतं, चेहरा मात्र अंधारातच राहतो. दुखणं उजेडाचं आणि औषध रंगाचं, असा तो प्रकार.

म्हणून सगळ्यात आधी क्रम पाठ करा: सरळ करणं आणि कापणं, मग उजेड, मग रंग, मग डाग काढणं, आणि अगदी शेवटी धार, म्हणजे कडा ठळक करणं. उजेड हलवला की रंग आपोआप बदलतो, म्हणून रंग आधी बसवला तर ते काम पुन्हा करावं लागतं. धार आधी दिली तर नंतरच्या प्रत्येक बदलात ती वाढत जाते आणि चेहऱ्यावर खरखर दिसू लागते.

साधनं दोन पुरतात आणि दोन्ही फुकट आहेत. फोनवर स्नॅपसीड, संगणकावर गिम्प. गिम्पची ३.० ही आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. तिच्यात केलेला बदल नंतर पुन्हा उघडून कमीजास्त करता येतो, त्यामुळे शिकणाऱ्याला तीच सोयीची. जुना संगणक असेल तर २.१० वरही या लेखातलं सगळं होतं. कुणी पेन ड्राइव्हमध्ये क्रॅक केलेलं फोटोशॉप आणून दिलं तरी टाकू नका. त्यासोबत व्हायरस येतात, आणि दुकानाच्या संगणकावर गिऱ्हाइकांची आधार कार्डं नि बँकेची कागदपत्रं पडलेली असतात.

हात लावण्याआधी

मूळ फोटोवर कधीच काम करू नका. ‘मूळ’ नावाचा एक फोल्डर करा, फोटो त्यात ठेवा आणि कामासाठी त्याची प्रत काढा. जेपेग फाइल दर वेळी जतन करताना थोडा तपशील टाकून देते. तोच फोटो उघडून आठ-दहा वेळा जतन केला की आभाळात चौकोनी ठिगळं दिसायला लागतात, आणि ती पुसता येत नाहीत.

गिम्पमध्ये ‘सेव्ह’ केलं की एक्ससीएफ फाइल तयार होते. ती फक्त कामाची वही समजा. व्हॉट्सॲपवर किंवा छपाईला ती चालत नाही. जेपेग हवी असेल तर ‘फाइल’ मेनूतलं ‘एक्स्पोर्ट ॲज’ वापरायचं. पहिल्या आठवड्यात जवळपास प्रत्येक जण इथे अडखळतो. लाइन कधीही जाते, म्हणून प्रत्येक मोठ्या पायरीनंतर कंट्रोल आणि एस दाबायची सवय लावा.

पडदा नीट नसेल तर डोळा फसतो. फोनचा ‘आय कम्फर्ट’ किंवा ‘नाइट लाइट’ बंद करा, नाहीतर पिवळसर पडद्यावर तुम्ही फोटो निळा करून ठेवाल. ब्राइटनेस अर्ध्याच्या थोडा वर ठेवा आणि ‘ऑटो’ बंद करा. अंगणात उन्हात बसून फोटो सुधारू नका, तिथे पडदा अंधारा दिसतो आणि माणूस फोटो गरजेपेक्षा उजळ करून टाकतो. छपरीत सावलीला बसा.

आणि एक वर्ग असा की त्याला हातच लावायचा नाही. पीक नुकसानीचे, रानडुकरांनी उधळलेल्या वावराचे, गारपिटीने झडलेल्या संत्र्याचे फोटो पुरावा असतात. भरपाई मागताना फोटोच्या फाइलमध्ये दडलेली तारीख, वेळ नि जागा उपयोगी पडते. असा फोटो एडिट केला तर ही माहिती जाऊ शकते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तरी जागेची नोंद निघून जाते. तो फोनमध्ये जसाचा तसा ठेवा आणि पाठवायचाच झाला तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

हिस्टोग्राम: फोटोचा सातबारा

जेपेग फोटोतला प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांचा असतो. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. तिन्ही ० म्हणजे काळं, तिन्ही २५५ म्हणजे पांढरं. हिस्टोग्राम हा या ठिपक्यांचा डोंगर: डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड. गिम्पमध्ये ‘कलर्स’ मेनूतलं ‘लेव्हल्स’ उघडलं की तो समोर येतो.

डोंगर उजव्या भिंतीला चिकटून उभा असेल तर तिथला तपशील गेला. स्नॅपसीड असो की महागडं सॉफ्टवेअर, गेलेलं परत येत नाही. खात्रीसाठी गिम्पमधलं ‘कलर पिकर’ हत्यार घ्या आणि कापसाच्या बोंडावर टिचकी मारा. आकडे २५५, २५५, २५५ आले तर त्या बोंडात धागा उरलेला नाही. २३५ ते २४५ च्या आसपास असतील तर बोंड पांढरंही दिसतं आणि त्याचे तंतूही दिसतात.

डाव्या बाजूचं तसं नाही. अंधारात थोडाफार माल शिल्लक असतो, तो उजळता येतो, फक्त सोबत दाणे-दाणे येतात. म्हणून फोटो काढतानाच पांढऱ्याची काळजी घ्या: फोनच्या पडद्यावर बोंडांवर बोट टेकवा आणि शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. फोटो अंधारा वाटेल. वाटू द्या.

पावसाळ्यात उलट होतं. ऑगस्टमधल्या ढगाळ दिवशी सोयाबीनचा फोटो काढला की डोंगर मध्येच बसलेला असतो, समजा ३५ पासून २१५ पर्यंत. फोटो धुरकट दिसतो. लेव्हल्समधला डावीकडचा काळा त्रिकोण ३५ वर आणि उजवीकडचा पांढरा त्रिकोण २१५ वर आणा. मळभ उडून जातं. पाच सेकंदांचं काम आहे, आणि पावसाळी फोटोंना बहुतेक वेळा एवढंच लागतं.

कापसाच्या वावरातला फोटो, पायरी पायरीने

पुन्हा त्या वेचणीच्या फोटोकडे. चेहऱ्यावर सावली, मागे पांढरं वावर, आणि लाल लुगड्याचा पदर डोक्यावर.

पहिली पायरी, सरळ करणं. गिम्पमधलं ‘मेझर’ हत्यार घ्या, धुऱ्याच्या किंवा क्षितिजाच्या रेषेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढा आणि ‘स्ट्रेटन’ दाबा. मग ‘क्रॉप’ घ्या. ४ बाय ६ इंचाची प्रत काढायची असेल तर ‘फिक्स्ड’ समोर खूण करून ३:२ लिहा. कापताना ती बाई ज्या बाजूला बघते त्या बाजूला जास्त जागा सोडा. मनगटावर किंवा घोट्यावर कधी कापू नका, माणूस तोडल्यासारखा दिसतो.

दुसरी पायरी, थर (लेयर). शिफ्ट, कंट्रोल आणि डी दाबून थराची प्रत काढा. पुढचं काम वरच्या थरावर. खालचा थर मूळ राहतो आणि डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारून आधीचं नि नंतरचं ताडून बघता येतं.

तिसरी पायरी, ‘कलर्स’मधलं ‘शॅडोज-हायलाइट्स’. शॅडोज, म्हणजे अंधारे भाग, ३० ते ३५ वर न्या, हायलाइट्स, म्हणजे उजळ भाग, उणे २० ते उणे २५ वर. इथे हावरटपणा नको. शॅडोज ७० वर नेलं की पऱ्हाटीच्या झाडांखालची सावली राखाडी होते, आणि झाडाखाली सावली नसेल तर ते ऊनही खोटं वाटतं. हायलाइट्स फार खाली ओढलं की २५५ वर गेलेली बोंडं राखेच्या रंगाची दिसतात. तंतू काही परत येत नाहीत, नुसता मळ येतो. ती बोंडं पांढरीच राहू द्या.

चौथी पायरी, चेहरा. अख्खा फोटो उजळण्यापेक्षा फक्त चेहरा उजळायचा. या थराची आणखी एक प्रत काढा. ‘कर्व्हज’ उघडा, तिरक्या रेषेच्या मध्यावर टिचकी मारून ती जरा वर उचला, चेहरा नीट दिसेपर्यंत. बाकी फोटो जास्त उजळ झाला तरी चालेल. आता या थरावर उजवी टिचकी मारून ‘ॲड लेयर मास्क’ आणि त्यात ‘ब्लॅक’ निवडा. उजळपणा नाहीसा होईल, कारण काळा मास्क थर झाकतो. मऊ कडेचा ब्रश घ्या, रंग पांढरा, ओपॅसिटी ३०, आणि चेहऱ्यावर हळूहळू फिरवा. एका फेऱ्यात थोडा उजेड येईल, दुसऱ्यात आणखी. ब्रश पदराच्या काठाबाहेर गेला तर रंग काळा करून तेवढंच पुसा. कडक कडेचा ब्रश वापरला तर चेहऱ्याभोवती टॉर्च मारल्यासारखं वर्तुळ दिसतं.

पाचवी पायरी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. लाल पदरातून आणि पदरावरून आलेला उजेड चेहऱ्यावर लाल छटा टाकतो. चेहरा उजळला की ही छटाही उठून दिसते. त्याच वरच्या थरावर, मास्कवर नव्हे तर चित्रावर टिचकी मारून, ‘कलर बॅलन्स’ उघडा आणि सायन-रेड पट्टी उणे ८ ते उणे १२ पर्यंत न्या. मास्क असल्यामुळे हा बदल फक्त चेहऱ्यापुरता राहतो, लुगडं लालच राहतं.

हेच काम फोनवर करायचं तर स्नॅपसीडमध्ये ‘ट्यून इमेज’ उघडा. बोट उभं फिरवलं की पट्टी बदलते, आडवं फिरवलं की आकडा. हायलाइट्स उणे २५, शॅडोज अधिक २५, बाकीचं शून्यावर. मग ‘सिलेक्टिव्ह’ घ्या, चेहऱ्यावर एक टिंब ठेवा, दोन बोटांनी त्याचा घेर चेहऱ्याएवढा करा आणि ब्राइटनेस अधिक २० च्या आसपास न्या. मुख्य पडद्यावर फोटो दाबून धरला की मूळ दिसतो, दर पायरीला ते बघत चला. ‘ॲम्बियन्स’ आणि ‘एचडीआर स्केप’ या दोन गोष्टी नवशिक्याला फार आवडतात, कारण एका फटक्यात सगळं चमकतं. आभाळ आणि झाडं जिथे भेटतात तिथे मग पांढरट किनार उमटते. ती किनार दिसली की आकडा निम्म्यावर आणा.

मांडव, नीळ आणि हळद

उजेड बसला की रंग. इथे पहिला प्रश्न असा: पांढरी वस्तू पांढरी दिसते का? उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तेवढा पिवळा, मोठा तेवढा निळा: दुपारचं ऊन साधारण ५५०० केल्विनचं, सावली ७००० किंवा त्याहून निळी, पांढरी ट्यूब ६५०० च्या आसपास, पिवळा बल्ब २७०० ते ३००० चा. कॅमेरा यातला एकच अंदाज धरतो आणि चुकतो. लिंबाच्या झाडाखाली काढलेल्या फोटोत पानांतून गाळून आलेला हिरवट उजेड चेहऱ्यावर असतो. लग्नाच्या मांडवात तर छताचं कापड ज्या रंगाचं त्या रंगाची सगळी वऱ्हाडी मंडळी.

गिम्पच्या लेव्हल्समध्ये तीन ड्रॉपर असतात. मधला राखाडी. तो घेऊन फोटोत जी वस्तू खरोखर पांढरी किंवा राखाडी असेल तिच्यावर टिचकी मारली की सगळ्या फोटोचा रंग त्या मानाने सरकतो. पण वस्तू निवडताना दोन चुका होतात. एक, जळून २५५ झालेला भाग निवडणं. त्यात रंगाची माहितीच नसते. दुसरी आपल्याकडची खास: म्हाताऱ्या बाबांचं धोतर किंवा टोपी निवडणं. त्या कपड्याला नीळ दिलेली असते. तो कपडा मुळातच निळसर, पण सॉफ्टवेअर त्याला पांढरा समजून सगळा फोटो पिवळा करून टाकतं. त्यापेक्षा सिमेंटचा खांब, ॲल्युमिनियमचं भांडं किंवा अर्जाचा साधा कागद बरा.

मांडवात एका बाजूने पिवळा बल्ब आणि दुसऱ्या बाजूने दिवसाचा उजेड असेल तर एका आकड्यात दोन्ही सुधारत नाहीत. चेहऱ्यांकडे बघून रंग बसवा आणि कोपरा पिवळा राहिला तर राहू द्या. आणि जिथे पिवळेपणा हाच त्या वेळेचा खरा रंग आहे, म्हणजे दिवाळीच्या पणत्या, हिवाळ्यातली शेकोटी, तिथे तो काढूच नका. पणतीचा उजेड पांढरा केला की फोटोतली दिवाळी गेली.

हळदीच्या फोटोत पिवळा रंग इतका भरतो की लाल आणि हिरवा हे दोन्ही आकडे २५५ ला जाऊन टेकतात आणि नवरीचा गाल सपाट पिवळा ठिपका दिसतो. इथे सगळा रंग कमी केला तर चुडा आणि कुंकूही फिकट होतं. ‘कलर्स’मधलं ‘ह्यू-सॅच्युरेशन’ उघडा, गोलातला फक्त पिवळा निवडा, सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) उणे १५ आणि लाइटनेस उणे ५ करा. गालाची गोलाई परत दिसू लागते.

वरुड-मोर्शी किंवा काटोलकडचा संत्र्याचा बाग विकायला काढताना फोटो पाठवणाऱ्यांसाठीही हेच हत्यार, पण उलट्या सावधगिरीने. आंबिया बहराचं फळ आत पिकलेलं असूनही वरून हिरवट असू शकतं. त्याला फोटोत गडद नारिंगी केलं तर बागेत आलेला व्यापारी पहिला भाव तिथेच पाडतो. मालाच्या फोटोत उजेड सुधारा, रंग फक्त पांढऱ्याच्या हिशोबाने बसवा, फळाच्या रंगाला हात लावू नका.

चेहरा गोरा करू नका

हे थोडं रोखठोक सांगायला हवं. गावोगावच्या फोटो दुकानांत चेहरा उजळवणं म्हणजे चेहरा गोरा करणं असं समीकरण बसलं आहे. विशेषतः मुलीचा स्थळासाठीचा फोटो आला की. चेहऱ्यावरची सावली काढणं वेगळं आणि कातडीचा रंग पुसणं वेगळं. पहिल्यात नाक, गाल, डोळ्यांखालचा भाग यांचे चढउतार राहतात. दुसऱ्यात चेहरा पिठाचा होतो आणि मान नि हात वेगळ्याच माणसाचे वाटतात. सावळा चेहरा फोटोत सुंदर दिसतो, त्याला उजेड नीट मिळाला की झालं: कपाळावर आणि गालाच्या हाडावर थोडी चमक, बाजूला हलकी सावली. चेहऱ्याचा उजेड मान आणि हाताशी जुळतो का हे बघा, हीच कसोटी.

पुटकुळी, डासाचा चावा, लागलेला मार काढायला ‘हील’ हत्यार वापरा. कंट्रोल दाबून शेजारच्या चांगल्या कातडीवर टिचकी मारा, मग डागावर. ब्रश डागापेक्षा थोडाच मोठा ठेवा. तीळ, गोंदण, जुना व्रण हे त्या माणसाचे आहेत. त्याने सांगितल्याशिवाय काढू नका. म्हातारीच्या हनुवटीवरचं गोंदण डाग समजून पुसलं तर घरचे लोक फोटो परत आणतात, आणि बरोबरच करतात.

झाडीपट्टीच्या रंगमंचावरचे फोटो

वडसा, गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडे धान निघालं की नाटकांचा हंगाम सुरू होतो, आणि रात्रभर चालणाऱ्या प्रयोगांचे फोटो फोनमध्ये साचतात. अडचण रंगीत दिव्यांची. लाल दिव्याखालच्या चेहऱ्यात लाल आकडा २५५ ला भिडलेला असतो, हिरवा-निळा अगदी कमी. व्हाइट बॅलन्सने, म्हणजे पांढऱ्याच्या हिशोबाने रंग बसवून, हा फोटो सुधारत नाही, कारण दुरुस्त करायला दुसरा रंगच नाही.

उपाय म्हणजे तो कृष्णधवल करणं, पण साधं रंग काढून टाकणं नव्हे. गिम्पमध्ये ‘कलर्स’, त्यात ‘डीसॅच्युरेट’, त्यात ‘मोनो मिक्सर’ उघडा. रेड ०.१०, ग्रीन ०.८०, ब्लू ०.१० असं भरा. चेहऱ्याचे डोळे, रंगभूषेच्या रेषा, घाम हा सगळा तपशील हिरव्या भागात दडलेला असतो, तो बाहेर येतो. फोटो अंधारा वाटला तर लेव्हल्समधला मधला त्रिकोण डावीकडे, १.३० पर्यंत न्या. दाणे दिसले तर ‘फिल्टर्स’, ‘एन्हान्स’मधलं ‘नॉइज रिडक्शन’ ३ किंवा ४ वर ठेवा. त्यापुढे नेलं की नट मेणाचे होतात.

भिंतीवरचा जुना फोटो

आजोबांचा एकुलता एक फोटो, काचेला चिकटलेला, कोपऱ्यात बुरशी. तेरवीला मोठा करून हवा म्हणून घेऊन येतात. पहिलं काम: काचेवरून ओढून काढू नका. ओलीमुळे चिकटलेला फोटोचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा. काच आधी कोरड्या मऊ कपड्याने पुसा.

स्कॅन ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) करा. २ बाय ३ इंचाच्या फोटोचे १२०० बाय १८०० ठिपके मिळतात, आणि ३०० डीपीआयने छापला तर बरोबर ४ बाय ६ इंच होतो. ८ बाय १२ हवा असेल तर १२०० डीपीआय. स्कॅनर नसेल तर फोटो उभा टेकवून, बाजूच्या खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून फोनने काढा. चमक आली तर फोन न हलवता फ्रेम जराशी तिरकी करा.

दुरुस्ती मोठ्यावरून लहानाकडे. आधी लेव्हल्सने पिवळटपणा आणि फिकटपणा काढा. मग पार्श्वभूमीवरच्या बुरशीवर ‘हील’. चेहऱ्यावर सगळ्यात शेवटी जा, २०० टक्के मोठा करून, अगदी लहान ब्रशने. डोळे आणि ओठ यांच्या कडा ‘हील’ने फिसकटतात, तिथे ‘क्लोन’ घ्या. हल्ली फोनमधले काही ॲप एका बटणात जुना चेहरा चकचकीत करून देतात. ते चेहरा अंदाजाने नव्याने रंगवतात. दिसायला माणूस छान दिसतो, पण तो आजोबा नसतो, आणि ज्यांनी त्यांना पाहिलं आहे त्यांना ते लगेच कळतं.

धार

‘फिल्टर्स’, ‘एन्हान्स’, ‘शार्पन’. रेडियस १.०, अमाउंट ०.५० ने सुरुवात करा आणि फोटो १०० टक्क्यांवर बघा, लहान करून नाही. केसांभोवती पांढरी रेघ दिसली की जास्त झालं. धार हा कडांजवळचा उजेड-अंधार वाढवण्याचा खेळ आहे. हललेला फोटो त्याने स्थिर होत नाही. स्नॅपसीडमध्ये ‘डीटेल्स’मधलं शार्पनिंग १५ ते २० पुरे. ‘स्ट्रक्चर’ कापसाला, मातीला, बंडीच्या लाकडाला छान, चेहऱ्याला वाईट.

पासपोर्ट आणि अर्जाचा फोटो

दुकान टाकणाऱ्याचं रोजचं काम हेच. ३.५ बाय ४.५ सेंटिमीटर म्हणजे ३०० डीपीआयला ४१३ बाय ५३१ ठिपके. ४ बाय ६ इंचाचा कागद १८०० बाय १२०० चा, त्यावर आडवे ४ आणि उभ्या २ ओळी असे ८ फोटो बसतात. आडवे १४८ ठिपके उरतात, म्हणजे प्रत्येक फटीला साधारण २९. उभे १३८ उरतात, म्हणजे प्रत्येक फटीला ४६. कात्रीला एवढी जागा पुरते. माणूस भिंतीपासून निदान तीन फूट पुढे बसवा. भिंतीला टेकवला की कानामागे काळी सावली पडते, आणि ती पुसण्यात फोटो काढायला लागलेल्या वेळेच्या दहापट वेळ जातो.

ऑनलाइन अर्जात मात्र माप वेगळं असतं. बँक भरतीच्या अर्जांत फोटो २०० बाय २३० ठिपके, २० ते ५० केबी, आणि सही १४० बाय ६० ठिपके, १० ते २० केबी मागतात. जाहिरात उघडून तेच माप आहे का ते दर वेळी बघा. पासपोर्टचा फोटो थेट २०० बाय २३० मध्ये कोंबला तर चेहरा रुंद होतो, कारण दोघांचं प्रमाण वेगळं. ‘स्केल इमेज’मध्ये दोन आकड्यांच्या शेजारी साखळी असते, ती तुटलेली असली की हे घडतं. आधी ४१३ बाय ५३१ मधून खालचे ५६ ठिपके, म्हणजे छातीकडचा भाग, कापा. उरतो ४१३ बाय ४७५. आता साखळी जोडलेली ठेवून रुंदी २०० करा, उंची आपोआप २३० येते.

एक्स्पोर्ट करताना ‘क्वालिटी’च्या पट्टीखाली ‘शो प्रीव्ह्यू’ला खूण केली की फाइलचा आकार तिथेच दिसतो. क्वालिटी ९० ला १६ केबी आली तर अर्ज ती नाकारेल, कारण किमान २० हवी. पोरं मग गोंधळून फोटो आणखी लहान करतात. क्वालिटी ९७-९८ वर न्या, आकार वाढतो. सही कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने घ्या, लेव्हल्समध्ये पांढरा त्रिकोण डावीकडे आणून कागद स्वच्छ पांढरा करा. रेघाळलेल्या वहीवर सही घेऊ नका.

बाहेर पाठवताना

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो मोठ्या छपाईला घेऊ नका, वाटेत तो लहान आणि दाबलेला होतो. गिऱ्हाइकाला सांगा, ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा.’ फ्लेक्ससाठी ७२ डीपीआय पुरतात, कारण तो लांबून बघायचा असतो. ६ बाय ४ फुटांच्या फ्लेक्सला ५१८४ बाय ३४५६ ठिपके लागतात. पडद्यावरचा झगमगीत निळा आणि पोपटी शाईत येत नाही, थोडा मळकट उतरतो, हे गिऱ्हाइकाला छपाईआधी सांगून ठेवा.

कागदी प्रतींसाठी एस-आरजीबी (रंगांची नेहमीची मोजणी) आणि जेपेग, क्वालिटी ९२. लग्नाचे दोनशे फोटो एकदम छापायला टाकण्याआधी त्यातले तीन निवडा: एक दुपारचा, एक मांडवातला, एक रात्रीचा. त्यांच्या ४ बाय ६ च्या प्रती काढा आणि दाराशी दिवसाच्या उजेडात धरून पडद्याशेजारी बघा. प्रत बहुतेक पडद्यापेक्षा अंधारी येते. तशी येत असेल तर लेव्हल्सचा मधला त्रिकोण १.१० वर नेऊन त्याच तीन पुन्हा छापा. जुळल्या की तोच आकडा बाकीच्या सगळ्या फोटोंना लावा आणि वहीत त्या लॅबच्या नावापुढे लिहून ठेवा.